टोमॅटोची फुलं गळतात? बाटली आणू नका

प्रश्न (ता. आष्टी, जि. बीड): घराशेजारी अर्धा गुंठा जागा आहे. मार्चमध्ये टोमॅटो, वांगी, पालक, मेथी एकदमच लावली. पालक वाळला, टोमॅटोची फुलं गळतायत. दुकानदारानं टॉनिक, एक कीटकनाशक आणि युरिया दिलाय. किती टाकू? पावसाळ्यात काय लावू?

उत्तर: काहीच टाकू नका, ताई. सील फोडलं नसेल तर बाटल्या परत करा.

दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या पुढे गेलं की टोमॅटोचे पराग निकामी होतात, फळ धरत नाही, फूल गळतं. आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. टॉनिकनं ऊन कमी होत नाही. दर उन्हाळ्यात हीच बाटली नव्या लेबलात येते आणि दर उन्हाळ्यात ती खपते.

युरिया तर नकोच. एका अंगणात वांग्याच्या प्रत्येक बुडाशी मूठभर युरिया घातलेला पाहिला. निम्मी रोपं आठवड्यात करपली. उरलेली काळपट हिरवी, लुसलुशीत झाली. पान उलटलं तर खाली तुडतुड्यांची जत्रा. वरून पुन्हा फवारणीचा खर्च.

कीटकनाशकाच्या लेबलवर तुमच्या भाजीचं नाव आहे का, तोडणीआधी किती दिवस थांबायचं लिहिलंय, ते आधी वाचा. नाव नसेल तर ते तुमच्या वाफ्यासाठी नाही. मोनोक्रोटोफॉसला भाजीपाल्यावर बंदी आहे, तरी "थोडंसं चालतंय" म्हणून देणारे भेटतात. नाही चालत. आज फवारून उद्या तीच भेंडी लेकरांच्या ताटात जाते.

आता आखणी. चूक बियाण्यात नव्हती, सगळं एकाच दिवशी लावण्यात होती. आपला पाऊस जूनमध्ये तोंड दाखवतो, जुलैत दडी मारतो आणि सप्टेंबरमध्ये वाफे बुडवतो. म्हणून जागेचे चार-पाच तुकडे करा आणि पंधरा-पंधरा दिवसांनी एकेक पेरा. एक गेला तर दुसरा हाताशी राहतो. पावसाळ्यात अर्धा फूट उंच गादीवाफा, उन्हाळ्यात सखल वाफा. काळ्या रानात हे उलटं केलं की पावसाळ्यात मुळं सडतात, उन्हाळ्यात वाफा वाळतो.

पहिल्या सरीला भुलू नका. आधी गवार, भेंडी, चवळी, अंबाडी टोका. कुंपणाला दोडका, कारलं. पालक-मेथी ऊन उतरल्यावर. शेवगा एकच, कडेला. दोन लावाल तर सावली वाफ्यावर येईल.

आणि आच्छादन, हे मी सांगून सांगून थकलो! वाळला पाला, भुसकट, उसाचं पाचट, जे असेल ते तीन-चार बोटं जाड पसरा, खोडाला चिकटू देऊ नका. पावसाच्या खंडात झाकलेल्या वाफ्यात बोट खुपसा, ओल लागते; उघड्याला भेगा पडलेल्या असतात. यासाठी दुकानात जावं लागत नाही, म्हणून कुणी सुचवत नाही. भांड्यांचं साबणाचं पाणी शेवग्याला सोडा, पालेभाजीला नको.

योजनेचं विचाराल तर ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातून बचत गटांना परसबागेचं मार्गदर्शन मिळतं, त्यातल्या कृषी सखीला, म्हणजे शेतीचं मार्गदर्शन करणाऱ्या गावातल्या ताईला, भेटा. बियाण्यासाठी अडून बसू नका.

पावसाच्या तोंडावर निंबोळ्या पडतील, वेचून सावलीत वाळवा. मावा-तुडतुडे दिसले की अर्धा किलो कुटून रात्रभर भिजवा, गाळून दहा लिटर करा, चिमूटभर साबणचुरा घालून संध्याकाळी फवारा. दुपारी नाही. रोज नाही. आणि घरात आलेला तो युरिया बाजरीसाठी ठेवा.