आंबवणे जुने, गाळणे केव्हाचे?

प्रश्न : मी रसायनशास्त्राची निवृत्त शिक्षिका असून चीनमधील पारंपरिक किण्वन (आंबवणे) आणि ऊर्ध्वपातन (वाफ थंड करून गाळणे) यांच्या इतिहासावर टिपणे काढत आहे. चिनी दारू ९००० वर्षांची आहे, असे एके ठिकाणी वाचले, तर ती युआन राजवटीच्या काळातली (१२७१–१३६८) आहे, असे दुसरीकडे. मला चिनी भाषा येत नाही. खरे काय मानावे आणि वाचन कोठून सुरू करावे?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : ही दोन विधाने दोन वेगळ्या गोष्टींविषयी आहेत. चिनी भाषेतील ‘जिऊ’ हा एकच शब्द आंबवलेल्या पेयालाही लागतो आणि भट्टीवर गाळलेल्या दारूलाही. भाषांतरात हा भेद पुसला गेला की सारा कालक्रम बिघडतो. ९००० वर्षांचा आकडा हेनान प्रांतातील जियाहू येथील मडक्यांचा आहे. त्यांतील अवशेषांच्या रासायनिक तपासणीत तांदूळ, मध आणि फळे यांच्या आंबवलेल्या मिश्रणाच्या खुणा मिळाल्या व तो अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. तो पुरावा केवळ आंबवण्याचा आहे.

चिनी पद्धतीचे खरे वैशिष्ट्य मात्र ‘छ्यू’मध्ये, म्हणजे बुरशी आणि यीस्ट धरलेल्या धान्याच्या वड्यांमध्ये आहे. बीअरसाठी धान्याला मोड आणून स्टार्चची साखर करतात. येथे ते काम बुरशी करते आणि त्याच भांड्यात यीस्ट त्या साखरेचे अल्कोहोल करत राहते. सहाव्या शतकातील ‘छीमिन याओशू’ या शेतीविषयक ग्रंथात याची कृती आहे : वाफवलेला, भाजलेला आणि कच्चा गहू समप्रमाणात घेऊन वड्या थापायच्या, बंद खोलीत ठेवायच्या, सातव्या दिवशी उलटायच्या आणि शेवटी भोके पाडून, दोरीत ओवून उन्हात वाळवायच्या. विरजण जपणाऱ्या कोणालाही त्यातली काळजी लगेच ओळखू येईल.

गाळण्याचा प्रश्न अधिक अवघड आहे. सोळाव्या शतकातील वैद्य ली शीझन यांनी गाळलेली दारू प्राचीन नसून युआन काळात सुरू झाली, असे स्पष्ट लिहिले. उलट, चीनमधील नानचांग शहराजवळ हान राजघराण्यातील ‘ल्यू हे’ (मृत्यू इ. स. पू. ५९) यांच्या कबरीत ऊर्ध्वपातनाचे कांस्यपात्र सापडले आहे. परंतु अशा पात्रातून औषधी किंवा सुगंधी अर्कही काढता येतो, त्यामुळे पात्राचा काळ हाच दारूचा काळ, असे मी मानणार नाही.

पात्राची रचना समजून घ्यायला आपल्याला लांब जावे लागत नाही. विदर्भात मोहाची दारू गाळताना खाली आंबवलेल्या फुलांचे मडके, मध्ये थेंब झेलणारे भांडे आणि वर थंड पाण्याचे पातेले अशी उतरंड रचतात व पाणी कोमट झाले की बदलतात. वाफ वरच्या थंड बुडाला लागून खाली ठिबकते. पूर्व आशियातील जुन्या भट्ट्यांचे तत्त्वही हेच आहे.

वाचनासाठी जोसेफ नीडम यांनी सुरू केलेल्या चिनी विज्ञानाच्या इंग्रजी ग्रंथमालेतील एच. टी. हुआंग यांचा किण्वनावरील भाग (२०००) प्रथम घ्यावा. मूळ चिनी उताऱ्यांची भाषांतरे त्यात आहेत, म्हणून भाषेची अडचण बरीच कमी होईल. टिपण काढताना प्रत्येक नोंदीपुढे पुरावा अवशेषाचा, पात्राचा की ग्रंथाचा, हे लिहावे आणि ‘जिऊ’ शब्दाचे भाषांतर न करता तो तसाच ठेवावा.