नर्सिंगच्या मुली वर्गात काय शिकतात आणि वॉर्डात काय?

तुम्ही विचारलंय की मुलगी बारावी सायन्स झाली, नवी मुंबईत बीएस्सी नर्सिंगला घालायचं मनात आहे, पण ‘वर्ग नावाला असतात, हॉस्पिटलात मुलींना नुसतं राबवून घेतात’ असं ऐकलंय, ते खरं का?

मी याच पट्ट्यातल्या एका कॉलेजात शिकवते आणि विद्यार्थ्यांबरोबर वॉर्डातही उभी असते. राबवून घेणारी ठिकाणं आहेत, हे आधी सांगून टाकते. पण ती ओळखायची तर शिक्षण नीट चालतं तिथे काय घडतं, ते माहीत हवं.

पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, आहारशास्त्र असे विषय असतात आणि जोडीला स्किल लॅब. तिथे बाहुल्यावर आम्ही प्रोसिजर करून दाखवतो, मग प्रत्येकीने ती आमच्यासमोर करून दाखवायची. याला सगळे रिटर्न डेमो म्हणतात. पालकांना वाटतं, चादर घालायला कसलं शिक्षण? पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीखाली सुरकुती राहिली की कातडी दुखावते आणि जखमेला सुरुवात होते. श्वास मोजतानाही पेशंटला सांगायचं नसतं. नाडी मोजून झाली तरी बोटं मनगटावर तशीच ठेवायची आणि छातीकडे बघत पूर्ण मिनिट मोजायचं, कारण लक्ष गेलं की माणूस वेगळा श्वास घेऊ लागतो.

वॉर्डात सकाळी हॅन्डओव्हर ऐकायचा, म्हणजे आधीच्या पाळीच्या सिस्टरने दिलेली पेशंटची माहिती, मग एकेकीला पेशंट वाटून दिले जातात. त्या पेशंटचा केअर प्लॅन, म्हणजे त्याची काळजी कशी घ्यायची याचा आराखडा, तिनेच लिहायचा असतो. खरं शिक्षण इथे होतं. समजा, मधुमेहाच्या आजोबांना इन्सुलिन द्यायचं आहे. डोस, जागा, सुईचा कोन तिला पाठ आहे. मी विचारते, ‘आजोबांनी नाश्ता केला का?’ ती फाइल बघते, तर तपासणीसाठी उपाशी ठेवलेलं. आता इन्सुलिन दिलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते, म्हणून आधी सिस्टरला आणि डॉक्टरांना विचारायचं. मग सिरिंज. आपल्याकडे इन्सुलिन एका मिलिलिटरला ४० युनिटच्या ताकदीचंही मिळतं आणि १००च्याही, आणि दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या. ४०च्या बाटलीतून १००च्या सिरिंजमध्ये २०च्या रेघेपर्यंत भरलं तर प्रत्यक्षात ८च युनिट जातात. फार्माकॉलॉजीच्या (औषधशास्त्राच्या) तासाला फळ्यावर केलेलं हे गणित समोर माणूस असताना डोक्यात पक्कं बसतं. संध्याकाळी त्याच आजोबांवर केस स्टडी लिहायची, दुसऱ्या दिवशी ती वर्गात मांडायची आणि बाकीच्या मुलींच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची.

मानसोपचाराचं पोस्टिंग मला फार मोलाचं वाटतं. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालचं. मुंबई परिसरातल्या अनेक कॉलेजांच्या मुली तिथे येतात. आपण काय बोललो, पेशंट काय बोलला, हे शब्दशः लिहून काढायचं आणि मग स्वतःचं प्रत्येक वाक्य तपासायचं, याला प्रोसेस रेकॉर्डिंग म्हणतात. ‘काळजी करू नका, सगळं ठीक होईल’ हे वाक्य कागदावर आलं की कळतं, आपण त्या माणसाचं बोलणं तिथेच थांबवलं. हे कळलेली मुलगी पुढे कुठल्याही वॉर्डात वेगळी दिसते.

कम्युनिटी पोस्टिंगला वस्तीत, गावठाणात घरोघरी जायचं असतं. पिशवी वर्तमानपत्रावर ठेवायची, हात धुऊन मगच उघडायची. पुस्तकं इंग्रजीत, परीक्षाही इंग्रजीत, पण बाळंतिणीला स्तनपान समजावायचं ते मराठीत किंवा हिंदीत. त्यामुळे इंग्रजी कच्चं म्हणून मुलीला घाबरवू नका. शिकलेलं साध्या भाषेत सांगता येणं ही इथे मोठी ताकद आहे.

आता राबवून घेण्याबद्दल. बेड करणं, पेशंटला पुसून काढणं, बेडपॅन देणं ही नर्सिंगचीच कामं आहेत. त्यांना हमाली समजू नका. अंग पुसताना पाठीवरचा लालसर डाग दिसतो, तो फाइलमध्ये कुठेच नसतो. पण दिवसभर नुसते रिपोर्ट पोचवायचे, औषधं आणायची, स्टाफ कमी म्हणून मुलींवर वॉर्ड सोडायचा आणि शिकवणारं कुणी फिरकायचंच नाही, हा त्या मुलींवर अन्याय आहे आणि पेशंटवरही.

म्हणून कॉलेज बघताना इमारतीवर जाऊ नका. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे इंडियन नर्सिंग कौन्सिलचं, म्हणजे नर्सिंग शिक्षणाचे निकष ठरवणाऱ्या देशपातळीवरच्या संस्थेचं, प्रमाण आहे. तेवढे शिक्षक वॉर्डात खरोखर असतात का, ते विचारा. कॉलेजचं स्वतःचं हॉस्पिटल किती खाटांचं आणि त्यातल्या किती भरलेल्या असतात, तेही विचारा, कारण रिकाम्या खाटांवर काही शिकता येत नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलींना गाठून एवढंच विचारा, ‘तुमचं पहिलं इंजेक्शन दिलंत तेव्हा शेजारी कोण होतं?’ आणि फी भरण्याआधी कॉलेजला इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची चालू वर्षाची मान्यता आहे का, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी ते संलग्न आहे का, याची कागदपत्रं स्वतः डोळ्यांनी बघा.