खाजगी समुपदेशकाकडे पहिल्यांदाच जाणार आहे. तिथे नेमकं काय होतं?

तुम्ही विचारलंय की पहिल्या भेटीत काय होतं, काय बोलायचं, गोळ्या देतात का, किती दिवस चालतं आणि घरी सांगावं का. शेवटी एक वाक्य जाता जाता टाकलंय: "घरचे म्हणतात, आमच्याशी बोल की, परक्या माणसाला पैसे देऊन काय सांगायचंय?" त्या वाक्यासाठी मी लिहायला बसलोय. माझा थोरला भाऊ हेच वाक्य मला अजून ऐकवतो.

माझं सांगलीत, गणपती पेठेजवळ मेडिकल आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. इशारा पातळी ४० ची, धोका पातळी ४५ ची. दुकानात पंख्यापर्यंत पाणी होतं आणि ते लवकर उतरलंही नाही. औषधाच्या धंद्यात एक गोष्ट बाहेरच्यांना कळत नाही. कापडवाला भिजलेलं कापड वाळवून निम्म्या भावात विकतो. आमच्या मालाला पुराचं पाणी लागलं की पाकीट वरून कितीही धड दिसू दे, ते पोटात घालायला कुणाला देता येत नाही. इन्सुलिनचा फ्रीज उलटा होऊन तरंगत होता. सगळा माल पंचनामा करून नष्ट केला.

तेव्हा मी ठणठणीत होतो. चिखल काढला, रॅक धुतले, एजन्सीवाल्यांशी उधारी बोलून घेतली, दुकान उभं केलं. त्रास सुरू झाला तो पुढच्या जूनमध्ये, पहिला मोठा पाऊस लागला त्या रात्री. पत्र्यावर आवाज आला की छातीत धडधड. कोयनेतून किती क्युसेक सोडलं ते मोबाईलवर बघायचं, मग पुन्हा बघायचं. आकडा तोच असायचा तरी बघायचं. मध्यरात्री गाडी काढून पुलावर जायचं आणि फुटांच्या खुणा वाचून परत यायचं. घरी येऊन अंथरुणावर पडलं की वाटायचं, आता वाढलं असेल. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा पन्नासच्या वर गेलं आणि त्यानंतर मला जानेवारीतही झोप लागेना. गिऱ्हाइकांवर ओरडायला लागलो. दुकानात आलेल्या म्हाताऱ्या माणसावर मी कधी आवाज चढवला नव्हता, तेही झालं. शेवटी बायको म्हणाली, "तुम्ही कुणाला तरी दाखवा, नाहीतर मी पोरांना घेऊन माहेरी चार महिने काढते."

दादा हळदीच्या व्यापारात आहे. त्याला कळलं तेव्हा तो दुकानात येऊन सगळ्यांसमोर म्हणाला, "अरे, अख्ख्या पेठेचं गेलं. तुझंच काय सोनं लागून गेलंय? बोलायचंय तर मी हाय, वहिनी हाय. पैसे देऊन रडायला जाणार व्हय तू?"

त्याचं उत्तर पुढे देतो. आधी तुमचं.

सगळ्यात पहिलं, माणूस कोण आहे ते बघा. समुपदेशक ही पाटी आपल्याकडे कुणीही लावतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर त्याच्याकडे एम. फिल. किंवा तत्सम पदवी आणि आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. तो फोनवर विचारायचा. विचारल्याचा ज्याला राग येतो त्याच्याकडे जायचं नाही. नुसतं मानसशास्त्रात एम. ए. केलेले चांगले लोकही आहेत, पण मग कुणाच्या हाताखाली काम शिकलात, माझ्यासारखा त्रास असलेली माणसं बघितलीत का, हे विचारायचं. मी आधी ज्यांच्याकडे गेलो होतो त्यांनी पाव तासात "सकारात्मक विचार करा" सांगितलं, माझी जन्मवेळ विचारली आणि दहा बैठकांचं पॅकेज आगाऊ भरलं तर सूट देतो म्हणाले. असं कुणी म्हणालं तर तिथल्या तिथे उठा. आगाऊ पॅकेज कधीच घेऊ नका.

मग मी मिरजेला एका समुपदेशक मॅडमकडे जायला लागलो. मिरजेचा एक फायदा असा की तिथे अख्खा जिल्हा आणि कर्नाटकातलेही लोक दवाखान्याला येतात. स्टँडवर कुणी ओळखीचं भेटलं तरी "कुणाला बघायला?" एवढंच विचारतं. छोट्या गावात राहत असाल तर हे डोक्यात ठेवा. शेजारच्या मोठ्या गावात माणूस शोधा, निम्मा संकोच तिथेच जातो.

पहिली भेट तुम्हाला कोरडी वाटेल. मला वाटली. एक फॉर्म, त्यात नाव, वय, अडीअडचणीला कुणाला फोन करायचा त्याचा नंबर. एक संमतीपत्र. मग मॅडमनी स्वतःहून सांगितलं की इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, आणि कधी जाऊ शकतं तेही सांगितलं: तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला, लहान मुलावर अत्याचाराची गोष्ट पुढे आली, किंवा कोर्टाने मागितलं तर. हे त्यांनी सांगितलं नाही तर आपण विचारायचं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात माहिती गुप्त राहण्याचा तुमचा हक्क लिहिलेला आहे, तेव्हा ही कुणाची मेहेरबानी नव्हे. त्यानंतर प्रश्न. झोप, भूक, दारू-तंबाखू, थायरॉईड-शुगर, घरात आधी कुणाला असा त्रास होता का. नऊ प्रश्नांचा एक कागद दिला, गेल्या दोन आठवड्यांत अमुक किती वेळा वाटलं, त्यावर खुणा करायच्या. आणि जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का, हे सरळ विचारलं. हा प्रश्न सगळ्यांना विचारतात, तुमच्यात काही भयंकर दिसलं म्हणून विचारला असं समजू नका. खरं उत्तर द्या.

पाऊण तास झाला, मी उठलो, आणि एकही उपाय मिळाला नव्हता. खाली येऊन मला चीड आली. मी औषधवाला. चिठ्ठी आली, औषध दिलं, माणूस गेला, ही माझी सवय. इथे चिठ्ठीच नाही. तुम्हालाही तसंच वाटेल, तरी दुसऱ्यांदा जा. दोन-तीन भेटींनंतर मात्र त्यांना विचारायचं की माझं काय चाललंय असं तुम्हाला वाटतं आणि आपण काय करणार आहोत. त्याचं साध्या मराठीत उत्तर आलं पाहिजे.

काय बोलायचं याची तयारी करू नका. मी कागदावर मुद्दे लिहून नेले होते, एकही वाचला नाही. गप्प बसावंसं वाटलं तर बसा.

माझ्या बाबतीत पुढे काय झालं ते सांगतो, म्हणजे आत नुसत्या गप्पा असतात हा समज जाईल. मॅडमनी वहीत लिहायला लावलं: किती वाजता पातळी बघितली, त्याआधी मनात काय आलं, बघितल्यावर किती वेळ बरं वाटलं. आठवडाभरात मलाच दिसलं की बघितल्यावरचा दिलासा दहा मिनिटांच्या पुढे टिकत नाही आणि पुढची तलफ आधीपेक्षा लवकर येते. मग त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या काढल्या, पुराची तयारी आणि पुराची काळजी. तयारी कागदावर उतरवायची. पाणी ३० फुटांवर आलं की खालचे दोन रॅक रिकामे करायचे, ३५ ला फ्रीजमधला माल मिरजेच्या मित्राच्या दुकानात, ४० ला सगळं पोटमाळ्यावर आणि शटर बंद. कोण येणार, टेम्पो कुणाचा, सगळं लिहिलं. तो कागद काउंटरच्या आत चिकटवला. ठरवायचं ते ठरवून झालं होतं, रात्री दोनला परत ठरवायची गरज उरली नव्हती. पातळी सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला बघायची, बाकी वेळी नाही. पावसाचा आवाज आला तर उठायचं नाही, धडधड आपोआप उतरेपर्यंत पडून राहायचं. पहिल्यांदा घाम फुटला. पण उतरते. कितीही वेळ लागला तरी उतरते, हे मला माहीत नव्हतं, कारण त्याआधी ती उतरायची वाट न बघता मी गाडीला किक मारलेली असायची.

२०२४ च्या जुलैत पाणी ४० फुटांजवळ आलं. कागदाप्रमाणे माल हलवला आणि रात्री घरी झोपलो.

किती दिवस चालतं याचं एक उत्तर नाही. माझं सुरुवातीला दर आठवड्याला, मग पंधरवड्याने, आता पावसाळ्याच्या तोंडावर एखादी चक्कर. तेव्हा बैठकीला ८०० रुपये देत होतो. पुण्या-मुंबईत दीड-दोन हजार सहज घेतात. आरोग्य विम्याच्या बहुतेक पॉलिसींत दवाखान्यात भरती न होता केलेला हा खर्च बसत नाही, तेव्हा तो खिशातूनच धरा. परवडत नसेल तर तसं बोला, काही जण फी कमी करतात. आणि ऐनवेळी रद्द केलं तर पैसे लागतात का ते आधीच विचारा.

गोळ्यांचं माझ्याकडून नीट ऐका. समुपदेशक किंवा सायकॉलॉजिस्ट औषध लिहून देत नाही, त्याला तो अधिकार नाही. तो मानसोपचारतज्ज्ञाचा, म्हणजे डॉक्टरचा. माझ्या दुकानात आठवड्याला कुणी ना कुणी तीन वर्षांपूर्वीची चिठ्ठी घेऊन झोपेची गोळी मागायला येतं. अल्प्राझोलॅमची प्रत्येक विक्री मला रजिस्टरला रुग्णाच्या आणि डॉक्टरच्या नावानिशी लिहावी लागते, ते उगाच नाही. ही गोळी बरेच दिवस घेतली की सोडताना माणूस रडकुंडीला येतो. ज्यांना सहा महिने कुणाशी तरी बोलायची गरज होती अशी कितीतरी माणसं मी सहा-सहा वर्षं त्या एका गोळीवर बघितली आहेत. कारण गोळी घेताना घरात कुणी "रडायला जातो" म्हणत नाही.

आता घरच्यांचं. दादा म्हणतो, "२००५ ला अण्णांची पेवं बुडाली. ते गेले का कुणाकडं?" अण्णा म्हणजे आमचे वडील. हरिपूरच्या मातीतल्या पेवांत, म्हणजे खोल खड्ड्यांत, आमची हळद असायची, जमिनीखाली, वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. त्या पुरात पाणी आत शिरलं आणि सगळं कुजलं. नाही गेले अण्णा कुणाकडे. पण त्याआधी प्रत्येक श्रावणी सोमवारी आम्ही सगळे हरिपूरला संगमेश्वराला जायचो. २००५ नंतर अण्णांनी हरिपुरात पाऊल टाकलं नाही. श्रावण आला की जेवण निम्म्यावर यायचं, सोप्यात भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. २०१४ ला गेले तोवर हे असंच. घरात आम्ही सात माणसं होतो, बोलायला. कुणीही बोललं नाही. आई घाबरायची, दादाला वाटायचं ते थकलेत, मी तेव्हा तिशीतही नव्हतो. दादा त्याला अण्णांचा खंबीरपणा म्हणतो. मी म्हणत नाही.

घरच्या माणसाशी बोलायला माझी ना नाही. पण दादाचाही त्याच पुरात माल गेला होता. माझ्या झोपेचं त्याला सांगितलं की त्याला त्याचं नुकसान आठवायचं, मग तो चिडायचा, मग मीच त्याला समजवायचो. बायकोला सांगितलं की ती रात्रभर जागी. मिरजेच्या मॅडमना माझ्या दुकानात हिस्सा नव्हता, माझं उत्तर ऐकून त्यांची झोप उडणार नव्हती आणि पुढच्या लग्नात त्या ते कुणासमोर काढणार नव्हत्या. पैसे त्यासाठी द्यायचे. दादाने हे वाचलं तर वाचू दे, तोंडावर सांगितलंय मी त्याला.

तेव्हा घरी सगळ्यांना सांगायची गरज नाही. जो ऐकून गप्प बसेल अशा एकालाच सांगा.

दोन गोष्टी राहिल्या. डॉक्टरने नैराश्याची गोळी सुरू केली असेल तर माझं वरचं वाचून ती बंद करू नका. ती झोपेच्या गोळीपेक्षा वेगळी असते, असर दिसायला दोन ते चार आठवडे जातात आणि थांबवायची ती डॉक्टरला विचारूनच. दुसरं, आवाज ऐकू येत असतील, कित्येक दिवस अन्न-पाणी सुटलं असेल किंवा मरायचे विचार येत असतील, तर समुपदेशकाची तारीख मिळेपर्यंत थांबू नका, आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. तोवर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, सरकारी, फुकट, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं.