वाचकांचे प्रश्न: छायाचित्रे आणि व्हिडिओ, दोन्हींसाठी एकच फुल-फ्रेम कॅमेरा

प्रश्न: मी सोलापुरात लग्नसमारंभांची छायाचित्रे काढतो. सध्या माझ्याकडे एपीएस-सी (फुल-फ्रेमहून लहान) सेन्सरचा डीएसएलआर आहे. यजमान आता व्हिडिओही मागतात, शिवाय मला यंत्रमाग आणि सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा या विषयांवर लघुपट करायचे आहेत. दुकानदार फुल-फ्रेम मिररलेस कॅमेरा दोन तास हाताळू देण्यास तयार आहेत. तेवढ्या वेळात काय पारखावे?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: दोन तासांपैकी दीड तास आपण व्हिडिओला द्यावा. अलीकडच्या बहुतेक फुल-फ्रेम कॅमेऱ्यांची रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) छायाचित्रे लग्नाच्या अल्बमला पुरून उरतील इतकी चांगली असतात. त्याच सेन्सरला सेकंदाला पन्नास चित्रे टिपायला सांगितली की मग त्यांच्यातला फरक उघडा पडतो.

फुल-फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा असतो खरा, पण व्हिडिओ घेताना तो सगळा वापरला जाईलच असे नाही. उदाहरणार्थ, २०२१ साली आलेला सोनी ए७ फोर हा ३३ मेगापिक्सेलचा कॅमेरा ४के चित्रण सेकंदाला ५० किंवा ६० फ्रेमने करताना सेन्सरचा केवळ मधला, एपीएस-सी एवढा भाग वापरतो. २०२२ च्या कॅनन आर६ मार्क टू मध्ये मात्र त्याच वेगाला सेन्सरची पूर्ण रुंदी उपलब्ध असते. मधला भाग वापरला की २४ मिलिमीटरची लेन्स ३६ मिलिमीटरसारखी दिसू लागते आणि प्रकाश गोळा करणारे क्षेत्रफळ निम्म्याहूनही कमी होते. दोन मागांमधल्या चिंचोळ्या वाटेत मागे सरकायला जागाच नसते, तेव्हा हा फरक फार जाणवेल. तरीही आपला लघुपट २५ फ्रेमचाच असेल आणि मंदगती केवळ अक्षता उडण्याच्या क्षणापुरती हवी असेल, तर एवढ्याच कारणासाठी मी एखादा कॅमेरा नाकारणार नाही.

दुसरी परीक्षा आपल्या यात्रेनेच ठरवून दिली आहे. सेन्सर चित्र एकदम न वाचता ओळीओळीने वाचतो. वाचन संथ असेल तर कॅमेरा आडवा फिरवताना उभ्या वस्तू तिरक्या होतात, यालाच रोलिंग शटर म्हणतात. बाराबंदी घातलेले भक्त उंच नंदीध्वज तोलत चालत असताना ते ध्वज पडद्यावर कललेले दिसले, तर पाहणाऱ्या सोलापूरकराला ते क्षणभरही सहन होणार नाही, आणि होऊही नये. म्हणून दुकानाबाहेरच्या विजेच्या खांबावरून कॅमेरा मध्यम वेगाने फिरवून पाहावा. आधी २५ आणि मग ५० फ्रेमवर पाहावे, कारण एकाच कॅमेऱ्यात दोन्हींचे उत्तर वेगळे येऊ शकते. २०२४ च्या निकॉन झेड६ थ्री मध्ये सेन्सरची रचना बदलून हे वाचन वेगवान केलेले आहे.

कारखान्यातील दिव्यांचा प्रश्न अनेकांच्या लक्षात उशिरा येतो. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे साधे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. मेनूत एनटीएससी (६० हर्ट्झ विजेच्या देशांतली चित्रणपद्धत) निवडलेले राहिले आणि चित्रण ३० किंवा ६० फ्रेमने झाले, तर पडद्यावर पट्टे सरकताना दिसू शकतात. तेव्हा पाल (५० हर्ट्झची पद्धत) निवडून २५ फ्रेमला १/५० आणि ५० फ्रेमला १/१०० सेकंद हा शटरवेग ठेवावा. मंगल कार्यालयातील शोभेच्या एलईडी पडद्यांची वारंवारता निराळी असते. त्यासाठी शटरवेग अगदी बारीक पावलांनी बदलता येतो का, हे विचारून घ्यावे.

ऑटोफोकस पारखण्यासाठी सोबतच्या कोणाच्या तरी कपाळाला मुंडावळ्या बांधाव्यात. हे मी पूर्ण गांभीर्याने सुचवतो आहे, कारण चेहऱ्यासमोर हलणाऱ्या मोत्यांच्या सरांवर फोकस उडी मारतो की डोळ्यांवरच टिकतो, हे दुकानातल्या शांत चेहऱ्यावर कधीच कळत नाही.

उरलेल्या अर्ध्या तासात उन्हातल्या पांढऱ्या कपड्यांची रॉ छायाचित्रे घ्यावीत आणि संगणकावर सावलीतले चेहरे उजळून पाहावेत. याच दृश्याचे लॉग (उजेड-सावलीचे तपशील राखणारे, रंग नंतर खुलवायचे असे फिकट) चित्रणही घ्यावे, पण ते १०-बिटमध्ये. प्रत्येक रंगाच्या ८-बिटमध्ये २५६ पायऱ्या असतात, १०-बिटमध्ये १०२४. लॉगचे रंग ताणताना ८-बिटमधील आकाश पट्ट्यापट्ट्यांनी फुटते.

उष्णतेकडेही डोळेझाक करू नये. अनेक कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात वापराची कमाल मर्यादा ४० अंश सेल्सिअस दिलेली असते आणि आपल्याकडचा एप्रिल-मे ती सहज ओलांडतो. जमल्यास ४के ५० फ्रेमचे चित्रण कॅमेरा थांबेपर्यंत सुरू ठेवून वेळ मोजावी. पॅनासॉनिक एस५ टू मध्ये यासाठी आत पंखा दिलेला आहे. मात्र ५० आणि ६० फ्रेमला तोही सेन्सरचा मधला भागच वापरतो.

सगळे पैसे बॉडीत घालू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. भर उन्हात आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, शटर १/५० आणि छिद्र एफ २.८ ठेवायचे तर सुमारे सहा स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश निम्मा) प्रकाश अडवावा लागतो, म्हणजे एनडी ६४ हा प्रकाश ६४ पट कमी करणारा काळसर फिल्टर हवा. लॉगमध्ये किमान आयएसओ ८०० असेल तर आणखी तीन स्टॉप लागतील. एक चांगली २४-७० एफ २.८ लेन्स आणि हा फिल्टर यांची रक्कम आधी बाजूला काढावी व उरलेल्या पैशांत बसेल तो कॅमेरा घ्यावा.

प्रश्न: ४के चित्रणासाठी व्ही९० कार्डच लागते का?
– एक वाचक, अक्कलकोट रस्ता

उत्तर: नाही. कार्डावरचा ‘व्ही’पुढील आकडा सेकंदाला किमान किती मेगाबाइट लिहिले जातील ते सांगतो, तर कॅमेऱ्याचा आकडा मेगाबिटमध्ये असतो; त्याला आठने भागावे. २०० मेगाबिटचे चित्रण म्हणजे २५ मेगाबाइट, त्याला व्ही३० पुरते, आणि तासाला सुमारे ९० गीगाबाइट जागा लागते. ४०० मेगाबिटला व्ही६० आणि ६०० ला व्ही९० घ्यावे. लग्नात दोन्ही खाचांत एकाच वेळी चित्रण साठवणार असाल, तर दुसरे कार्डही त्याच वर्गाचे असावे.