ग्रिप म्हणजे पकड नव्हे, मूठ

प्रश्न असा आहे: "मुलगी टेनिस शिकते. फोरहँडसाठी (तळहात चेंडूकडे ठेवून मारायच्या फटक्यासाठी) 'पौर्वात्य पकड' घ्यायची की 'पाश्चात्त्य पकड', ते ठरवा, असं प्रशिक्षक म्हणतात. हे शब्द बरोबर आहेत का? आणि निवडायची कोणती?"

आधी 'पकड'. हा शब्द इथे मला अजिबात मान्य नाही. जे निसटू पाहतं त्याला आपण पकडतो. चोराला पकडतात, कोर्टातून पकड वॉरंट निघतं, कुस्तीत पकड बसते, वायरमन पिशवीतून काढतो तीही पकडच. सगळीकडे भाव एकच, आवळून धरण्याचा. टेनिसच्या ग्रिपमध्ये मात्र रॅकेट किती घट्ट धरली हा प्रश्नच नसतो. तळहात दांड्याच्या कोणत्या अंगाला टेकला आहे, एवढाच प्रश्न असतो.

गेल्या हिवाळ्यात भाचीबरोबर कोर्टावर गेलो होतो. जाळीपलीकडून प्रशिक्षक ओरडले, "पकड बदल!" पोरीनं दांडा आणखी आवळला. तळहात होता तिथेच. पुन्हा हाक आली, "पकड, पकड!" तिनं आणखी आवळला. अर्ध्या तासानं अंगठ्याच्या मुळाशी टपोरा फोड आला होता आणि चेंडू तरीही कोर्टाबाहेर जात होते. तिचं काहीच चुकलं नव्हतं. तिनं मराठी शब्दाचा मराठी अर्थ घेतला होता.

आपला शब्द 'मूठ'. संस्कृत मुष्टि, प्राकृत मुट्ठि, मराठी मूठ. झाकली मूठ, मूठभर, जीव मुठीत धरून हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. तलवारीची मूठ म्हणजे धरायची जागा आणि मूठ वळणं म्हणजे हाताची ठेवण. काही जण म्हणतात, दोन अर्थ आहेत म्हणून हा शब्द गोंधळाचा. इंग्रजी 'ग्रिप'लाही नेमके हेच दोन अर्थ आहेत, दांड्यावरच्या गुंडाळीलाही तिथे ग्रिपच म्हणतात, आणि त्यावाचून कुणाचं अडलेलं नाही. मग हा आक्षेप फक्त मराठी शब्दावरच का?

आणि मूठ म्हणजे आवळणं नव्हे, याचा पुरावा शेतात आहे. पेरणी सुरू करण्याला आपण 'चाड्यावर मूठ धरणं' म्हणतो. तिफणीच्या नळ्यांवरच्या चाड्यात बी सोडायचं ते मुठीतून. मूठ दाबली की बी अडतं, सैल पडली की एकाच जागी ढीग होतो. बोटांच्या फटींतून दाणे सारखे सुटत राहिले पाहिजेत. ज्याची मूठ चांगली, त्याची पेर एकसारखी उगवते. या 'मुठी'त जोराचा संबंध नाही, हाताच्या ठेवणीचा आहे. टेनिसला याहून नेमका शब्द कोणता हवा?

आता 'पौर्वात्य' आणि 'पाश्चात्त्य'. हे तर सरळ चुकीचं आहे. पौर्वात्य म्हटलं की वाचकाला चीन-जपान आठवतं. ईस्टर्न ग्रिपमधली पूर्व अमेरिकेची पूर्व आहे आणि वेस्टर्नमधली पश्चिम कॅलिफोर्नियाची. तिथे सिमेंटची कोर्टं होती, चेंडू उंच उसळायचा, म्हणून हात दांड्याखाली सरकला. सॅन फ्रान्सिस्कोचा बिल जॉन्स्टन वेस्टर्न मुठीनं खेळायचा, फिलाडेल्फियाचा बिल टिल्डन ईस्टर्ननं. १९१९ च्या अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम सामन्यात जॉन्स्टन जिंकला, १९२० मध्ये टिल्डननं परतफेड केली आणि १९२२ ते १९२५ सलग चार अंतिम सामन्यांत त्यालाच हरवलं. एका देशाच्या दोन किनाऱ्यांची ही गोष्ट आहे. तिला पूर्व-पश्चिम संस्कृतींचा रंग देणारा अनुवादक नकाशा न बघता शब्दकोश उघडून बसलेला असतो. 'कॉन्टिनेन्टल' नावाच्या आणखी एका मुठीचं 'खंडीय' करणारे त्याहून पुढचे. तो 'कॉन्टिनेन्ट' म्हणजे ब्रिटिशांच्या तोंडचा युरोप. कोल्हापुरी चपलेचं कुणी भाषांतर करत नाही. गावावरून पडलेली नावं तशीच ठेवायची असतात.

ज्यांना मराठीच नावं हवीत त्यांच्यासाठी माझ्याकडे यापेक्षा चांगली सोय आहे, आणि खरं तर हे उत्तर मी तिच्यासाठीच लिहायला घेतलं. रॅकेटचा दांडा गोल नसतो. गुंडाळी काढून बघा, त्याला आठ बाजू दिसतील. दांडा अक्षरशः अष्टपैलू आहे! क्रिकेटच्या ऑलराउंडरला आपण रोज जो शब्द लावतो, तो इथे मुळातल्या अर्थानं लागू पडतो.

'पैलू' फारसी 'पहलू'वरून आला. पहलू म्हणजे बाजू, कूस. (पैलवानाचा याच्याशी संबंध नाही, तो 'पहलव' म्हणजे पार्थियन लोकांच्या नावावरून आला. पैलतीरातला 'पैल'ही वेगळा.) पण फारसी म्हणून पैलू हाकलायला निघालेल्या शुद्धिवाद्यांनी जरा थांबावं. पहलूचं मूळ प्राचीन इराणी भाषेतल्या 'बरगडी' अर्थाच्या शब्दात आहे, आणि त्याचा संस्कृतातला सख्खा भाऊ म्हणजे 'पर्शु', बरगडी. पर्शुवरून पार्श्व. पार्श्ववरून आपलं 'पाशी': दारापाशी, आईपाशी. छातीची फासळीही त्याच घरातली. म्हणजे 'माझ्यापाशी' म्हणताना आपण 'माझ्या बरगडीला लागून' म्हणत असतो, आणि हिऱ्याचा पैलू ही हिऱ्याची बरगडी असते. एक भाऊ इराणात राहिला, एक इकडे आला, आणि मराठीत दोघं पुन्हा एका घरात नांदू लागले. कुणाला परका म्हणून बाहेर काढणार?

मग पैलू आठच का? 'अष्ट' म्हणजे सगळ्या बाजूंनी पूर्ण, जसं अष्टावधानी, साष्टांग, अष्टौप्रहर, असं उत्तर सर्रास दिलं जातं. मला ते आळशीपणाचं वाटतं. फारसीत अष्टकोनी वस्तूला 'हश्तपहलू' म्हणतात, हिंदीत 'अठपहल'. हे कारागिरांचे शब्द आहेत, मोजून घडवलेल्या वस्तूचे. आणि हिऱ्याचा नैसर्गिक स्फटिक बहुधा अष्टफलकच असतो, वर चार आणि खाली चार त्रिकोणी पृष्ठं. माझा कयास असा की आपला अष्टपैलू पंडितांच्या अष्टावधानातून आलेला नाही, तो जवाहिऱ्यांच्या आणि सुतारांच्या बोलण्यातून आला, आणि माणसाला लागण्याआधी वस्तूला लागला. 'पैलू पाडणं' हा वाक्प्रचार आजही हिऱ्याला आणि माणसाला दोघांनाही चालतो, तो याच वाटेनं.

तर, मूठ आणि पैलू. रॅकेट अशी धरा की तिची कड जमिनीकडे आणि दांड्याचं टोक आपल्याकडे येईल. सगळ्यांत वरचा पैलू पहिला. उजव्या हाताच्या खेळाडूनं घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजायचं, डावखुऱ्यानं उलट. तर्जनीच्या मुळाचं हाड ज्या पैलूवर टेकतं, त्या पैलूची ती मूठ. कॉन्टिनेन्टल म्हणजे दुसऱ्या पैलूची, ईस्टर्न तिसऱ्या, सेमी-वेस्टर्न चौथ्या आणि वेस्टर्न पाचव्या पैलूची मूठ. "तिसऱ्या पैलूवर ये" म्हटलं की दहा वर्षांच्या मुलालाही हात कुठे न्यायचा ते कळतं. भाचीवर प्रयोग केला, एका वाक्यात जमलं.

हात जितका दांड्याखाली जातो, तितकं रॅकेटचं तोंड जमिनीकडे वळतं. ते सरळ करायचं तर चेंडू शरीराच्या बराच पुढे आणि उंचावर घ्यावा लागतो. बाकीचं सगळं यातूनच येतं. दुसऱ्या पैलूची मूठ हातोडी धरल्यासारखी. सर्व्हिस, व्हॉली (टप्पा पडण्याआधीच मारलेला फटका) आणि स्लाइसला (चेंडू खालून कापत मारण्याला) ती उत्तम, पण खांद्याएवढ्या उसळलेल्या चेंडूवर फोरहँड मारताना मनगट हतबल होतं. पाचव्या पैलूची मूठ जमिनीवर आडवी पडलेली रॅकेट वरून उचलावी तशी, तव्यासारखी. टॉपस्पिन, म्हणजे चेंडूची पुढच्या दिशेची फिरकी, भरपूर मिळतो, छातीवर आलेला चेंडू सोपा होतो, पण घोट्याजवळचा सरपटता चेंडू उचलताना जीव जातो आणि जाळीजवळ जायचं तर मूठ बदलायला लांबचं अंतर कापावं लागतं. पाचव्या पैलूकडे झुकलेल्या मुठीनं खेळणारी इगा स्वियातेक फ्रेंच ओपन चार वेळा जिंकली, लाल मातीत चेंडू उसळतो म्हणून. विम्बल्डनच्या गवतावर चेंडू बसका येतो, तिथे तिला २०२५ पर्यंत थांबावं लागलं, आणि मग अंतिम सामना तिनं ६-०, ६-० असा घेतला. फेडररची मूठ तिसऱ्या पैलूच्या आसपासची, म्हणून त्याला चेंडू लवकर, कमरेच्या उंचीवर सपाट मारता यायचा.

मुलीबद्दल विचारलंत, तर तिसऱ्यापासून सुरू करा. रॅकेटशी हस्तांदोलन करायला सांगा, हात आपोआप तिथेच बसतो. कोर्ट सिमेंटचं असेल आणि चेंडू सारखा तिच्या खांद्यावर येत असेल, तर चौथ्यावर सरकू द्या. आजचे बहुतेक खेळाडू तिथेच असतात. पाचव्यावर तिला कुणी मुद्दाम नेऊ नये. सर्व्हिसला मात्र दुसरा पैलू लागणारच, त्याची सवय वेगळी करावी.

आणि लिहिताना 'मूठ' दीर्घ, पण 'मुठीत', 'मुठीचा', 'मुठीनं' ऱ्हस्व. प्रश्नाबरोबर आलेल्या कात्रणात 'मूठीत' छापलंय, तेही चूक आहे.