उंच खिडक्यांसाठी दांडा किती फुटांचा घ्यावा?

बडोद्याच्या दांडिया बाजारातील आपल्या जुन्या दुमजली घराची वरची तावदाने बाहेरून पुसण्यासाठी किती लांबीचा दांडा घ्यावा, आणि दुकानदार म्हणतो त्याप्रमाणे एकदाच ३० फुटी घेऊन टाकला तर चालेल का, असे आपण विचारले आहे. ३० फुटी दांडा कृपया घेऊ नका. खिडकी किती उंच आहे यापेक्षा, ती पुसताना आपले पाय जमिनीवर नेमके कुठे टेकणार आहेत, यावर दांड्याची लांबी ठरते, आणि हे बहुतेक लोक खरेदी करून आल्यानंतरच लक्षात घेतात.

आधी उंची मोजावी. अंदाजाने सांगितलेली उंची दोन-तीन फुटांनी सहज चुकते. अगाशीवरून सुतळीला किल्ल्यांचा जुडगा बांधून तो खाली सोडावा, जुडगा जमिनीला टेकला की सुतळीवर तावदानाच्या वरच्या कडेशी गाठ मारावी आणि मग सुतळी ओट्यावर पसरून टेपने मोजावी. समजा ही उंची १८ फूट भरली. दांडा धरताना खालचा हात कमरेच्या जवळ, म्हणजे साधारण ३ फुटांवर असतो, त्यामुळे दांड्याने प्रत्यक्ष गाठायची उंची १५ फूट उरते.

पण १५ फुटी दांडा पुरेल असे मात्र नाही, कारण भिंतीला चिकटून उभे राहून काचेवर वायपर चालवता येत नाही. दांडा जमिनीशी साधारण ७० अंशांचा कोन करत असला की रबरी पट्टी काचेवर नीट बसते आणि मानही फार मागे टाकावी लागत नाही. मोकळ्या जागेत त्यासाठी भिंतीपासून साडेपाच फूट दूर उभे राहावे लागते आणि १६ फूट दांडा पुरतो. आपल्या घराला मात्र पुढे ओटा आहे आणि खिडकीखाली छज्जाही आहे, असे आपण लिहिले आहे. दांडा छज्ज्याच्या कडेला न घासता वर जायचा असेल आणि ओटा सोडून रस्त्यावर उभे राहायचे असेल, तर हे अंतर सहज ८ फूट होते. इथे शाळेतला काटकोन त्रिकोणच कामाला येतो: एक बाजू ८, दुसरी १५, म्हणून कर्ण १७. म्हणजेच त्याच खिडकीसाठी, केवळ उभे राहण्याची जागा बदलल्यामुळे, एक फूट अधिक लागतो.

या १७ फुटांवर दीड-दोन फूट शिल्लक ठेवावेत, कारण सरकता दांडा शेवटच्या खुणेपर्यंत ओढून वापरला की त्याचे खंड एकमेकांत फार थोडे उरतात आणि सांध्यापाशी तो लचकतो. बाजारात ६ मीटरचा, म्हणजे साडेएकोणीस फुटांहून किंचित मोठा दांडा मिळतो. आपल्यासाठी तोच योग्य आहे. खोक्यावरील आकडा मात्र नीट वाचावा. पुष्कळदा तिथे दांड्याची लांबी नसून ‘पोहोच’ लिहिलेली असते, आणि तीत माणसाची उंचीही मिळवलेली असते. अशा वेळी २० फूट समजून आणलेला दांडा प्रत्यक्षात १४ फुटांचा निघतो.

अधिक लांबी असलेली बरी, हा समज मी स्वतः अनुभवाने सोडला. आमच्या सोसायटीतील घरासाठी मी सुरुवातीला २४ फुटी ॲल्युमिनियमचा दांडा आणला होता. त्याचे वरचे टोक हाताच्या हालचालीमागून क्षणभर उशिरा हलत असे, त्यामुळे पट्टी काचेवरून उडत उडत खाली येई आणि प्रत्येक उडीपाशी पाण्याची एक आडवी रेघ राही. पूर्ण न उघडता वापरला तरी त्याचे वजन तेवढेच राहत होते आणि चार तावदानांनंतर खांदे भरून येत. पुढे लहान दांडा घेतल्यावर त्याच खिडक्या दोन हातांत स्वच्छ होऊ लागल्या. लांबी कमी-जास्त करताना सर्वांत बारीक खंड शक्य तितका आत ठेवावा, कारण लचक तिथेच सर्वाधिक असते.

मिटवलेली लांबीही विचारात घ्यावी. दोन खंडांचा २० फुटी दांडा मिटल्यावरही १० फुटांहून अधिक राहतो आणि जुन्या घराच्या अरुंद, वळणाच्या जिन्यात तो फिरत नाही. तीन खंडांचा सात फुटांच्या आसपास येतो आणि दाराआड उभा राहतो.

उत्तरायणात पतंग पकडण्यासाठी आणलेला बांबू आपल्याकडे जवळपास प्रत्येक घरी असतो, आणि त्यालाच वायपर बांधण्याचा मोह दिवाळीपूर्वी अनेकांना होतो. बांबू वजनाने जड असतो, त्याच्या टोकाला पट्टीचा कोन बदलता येत नाही, आणि ओला झाला की त्यातून वीज वाहू शकते. विजेची गोष्ट मी आग्रहाने सांगतो आहे, कारण जुन्या भागातील गल्ल्यांत खांबावरून घरात येणाऱ्या तारा पहिल्या मजल्याच्या खिडक्यांपासून फार दूर नसतात. ॲल्युमिनियमचा आणि कार्बन फायबरचा, असे दोन्ही दांडे वीजवाहक आहेत. फायबरग्लासचा दांडा कोरडा असताना वीजरोधक असतो, पण खिडकी पुसताना दांड्यावरून पाणी हातापर्यंत ओघळत येते, म्हणून त्याच्याही भरवशावर राहू नये. दांड्याचे टोक कुठेही झुकले तरी तारेपासून किमान १० फूट दूर राहील, एवढी जागा असेल तरच बाहेरून काम करावे. तेवढी जागा नसेल तर खिडकीची झडप आतल्या बाजूने उघडते का किंवा काढून घेता येते का, हे पाहावे आणि बाहेरून दांडा लावूच नये.

दुकानात दांडा १७ फुटांपर्यंत उघडून, टोकाला ओला स्पंज लावून तो तिरपा धरून पाहावा. दुकानदार नको म्हणाला तरी हे करून पाहण्याचा आग्रह धरावा. टोक वीतभराहून अधिक खाली झुकले, तर त्या लांबीचाच पण जाड नळीचा दुसरा दांडा मागावा.