दागिन्यांना पाणी का सुटतं?

प्रश्न : काकू, गेल्या वर्षी महालक्ष्म्यांसाठी मैदा-मिठाच्या पिठाची ठुशी, बाजूबंद आणि मागच्या पडद्यावर लावायला मोर केले. पोस्टर कलरनं रंगवून वर व्हार्निशचा हात दिला. तेव्हा सगळ्यांनी नावाजलं, पण दिवाळीत डबा उघडला तर रंगावर पांढरे फोड आणि सोनेरी रंगाचे पापुद्रे सुटलेले. यंदा भारीतले रंग घेऊ का?
— एक वाचक, पाथरी

उत्तर : रंगावर पैसे घालण्याआधी वाळवण्याकडं बघा. दागिने वरून वाळलेले दिसले, आत ओल होती. जायकवाडीच्या कालव्याखाली पाणी जास्त झालेल्या रानात खार फुटतो, तो तुम्ही बघितलाच असेल. इथंही तेच झालंय. आतलं पाणी बाहेर येताना मीठ घेऊन येतं, पाणी उडून जातं आणि मागं राहिलेलं मीठ रंगाला खालून ढकलतं. त्यात भादव्याची दमट हवा. मीठ ती ओलही ओढून घेतं.

म्हणून हे काम मी पापड-कुरडयांच्या दिवसांतच उरकते. दोन वाट्या मैदा, एक वाटी मिक्सरवर बारीक केलेलं मीठ, आणि पाणी पाऊण ते एक वाटी, तेही चमच्याचमच्यानं. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट हवं. जाडी पाव इंचाच्या वर नको. एकदम उन्हात टाकले की तडे जातात. आधी सावलीत ठेवा, उलटेपालटे करा, मग ऊन दाखवा. आता श्रावणात करणार असाल तर ओव्हन शंभर अंशांवर ठेवून दोन-तीन तास. घाईनं आच वाढवली की मोर पुरीसारखा फुगतो. वाळला की नाही हे डोळ्यांना कळत नाही. पाठीकडची बाजू गालाला लावून बघा. गार लागली तर ओल आहे.

आता सजावट. माझं मत विचाराल तर निम्मी सजावट पीठ ओलं असतानाच व्हायला हवी. पैठणीचा मोर करताय ना? मग पिसं ब्रशनं काढत बसू नका. पेनाचं टोपण तिरकं धरून अर्धगोल दाबत जा, एकाखाली एक. मानेसाठी वळी वळा आणि ओल्या बोटानं चिकटवा. काठाला करंजीचं कातणं फिरवा. ठुशीचे मणी ज्वारीच्या दाण्याएवढे, पण सगळे एका मापाचे. त्यात हयगय केली की कितीही रंग द्या, ठुशी ओबडधोबडच दिसते. ओवायची भोकं रिकाम्या रिफिलनं पाडा, थोडी मोठीच. रंग-व्हार्निशनं ती बुजत जातात.

वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवा आणि पांढऱ्या ॲक्रिलिकचे दोन पातळ हात द्या. त्यावर जांभळा, मोरपंखी, राणी, जो हवा तो. पोस्टर कलर पाण्यात परत विरघळतो. पाण्याचं व्हार्निश लावलं की ब्रशबरोबर फरफटत येतो. ॲक्रिलिकचं तसं होत नाही. हळद-कुंकवाचा हात देण्याचा मोह होतो, पण हळदीचा रंग उजेडात उडतो.

सोनेरी अगदी शेवटी. ब्रश रंगात बुडवून जुन्या वर्तमानपत्रावर इतका पुसा की कागदावर रेघ उमटेनाशी होईल. मग तो जवळजवळ कोरडा ब्रश उठावावरून नुसता घासत न्या. सोनं कडांवर बसतं, खाचेत जांभळा तसाच राहतो, आणि पेनाच्या टोपणानं काढलेलं एकेक पीस वेगळं दिसू लागतं. चमकी मात्र कृपा करून टाकू नका, ती महालक्ष्म्यांच्या पातळांना चिकटते आणि पुढच्या भाद्रपदापर्यंत निघत नाही.

व्हार्निश पुढून, मागून, कडांना आणि भोकांच्या आतून द्या. तुमची पाठ कोरीच राहिली असणार, बहुतेकांची राहते. हवा तिथूनच शिरते. नंतर घट्ट झाकणाच्या डब्यात, औषधांच्या बाटल्यांतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. जुने दागिने खरवडत बसू नका, नवे करा.

प्रश्न : घरी ज्वारीचं पीठ भरपूर आहे. त्याचेच दागिने करून फुलोऱ्यात करंज्या-पापड्यांबरोबर टांगले तर?
— एक वाचक, उदगीर

उत्तर : दोन्ही नको. ज्वारीच्या पिठाला मैद्यासारखी ओढ नसते, वाळताना चिरा पडतात. आणि फुलोरा उतरला की पोरं त्यावर तुटून पडतात. एक तृतीयांश मीठ असलेली, वर व्हार्निश दिलेली वेणी कुणाच्या तोंडात गेली तर? हे दागिने मखराला लावा, खाण्याच्या वस्तूंपासून लांब. ज्वारी वापरायचीच असेल तर मोराच्या डोळ्याला एकेक दाणा ओल्या पिठात टोचा, पण आधी कढईत भाजून घ्या, नाहीतर ऐन पूजेच्या दिवशी डोळ्यातून सोंडा बाहेर यायचा.